इतर दंश

"काय तरी चावलाय यांना," खिडकीशी आलेली बाई म्हणाली. मागे तिचा नवरा उजवा हात डाव्या हातात धरून उभा होता.

चंदूनं नाव, वय, गाव विचारलं. गाव पालेगाव. खरं तर काहीच विचारायची गरज नव्हती. बाई त्याच्या आईबरोबर हळदीकुंकवाला जायची आणि तिचा नवरा लहानपणी चंदूबरोबर ओढ्यात खेकडे धरायला यायचा. पण कॉम्प्युटर विचारतो म्हणून माणसालाही विचारावं लागतं. काय चावलं, एवढं मात्र चंदूनं विचारलं नाही आणि बाईनंही सांगितलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"कुठं होतात?"

"विटांच्या ढिगाजवल. पानी मारत व्हते."

चंदू उठून आत गेला. डॉ. राजसी एका पोराच्या कपाळाला टाके घालत होत्या. त्यांच्या कानाशी वाकून तो हळूच म्हणाला, "मॅडम, गावचा पेशंट आहे. बसवून ठेवा, लगेच सोडू नका." एवढ्यावर मॅडम समजायच्या. पावसाळ्यात त्या इथं रुजू झाल्या तेव्हापासून चंदू असं काही कानात सांगायला आला की त्या हातातलं काम आटोपतं घ्यायच्या. त्यांनी त्या माणसाचा हात पाहिला, काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी टेबलावर उभी केली आणि तिला कुणी हात लावायचा नाही असं सगळ्यांना बजावलं. काही वेळानं नळी तिरकी केली तेव्हा रक्त जागच्या जागी गोठलेलं होतं. म्हणजे विष अंगात गेलं नव्हतं, किंवा ते जनावर बिनविषारी होतं. संध्याकाळी तो माणूस बायकोबरोबर घरी गेला.

नोंद मात्र तो खाटेवर असतानाच चंदूनं कॉम्प्युटरवर पुरी केली होती. दंशाच्या यादीत कुत्रा होता, मांजर, माकड, उंदीर, विंचू आणि साप होता. सगळ्यात खाली 'इतर' होता. चंदूनं 'इतर' निवडलं होतं.

हे रुग्णालय अंबरनाथच्या पूर्वेला, पालेगावहून शेअर रिक्षानं येण्याच्या टप्प्यात आहे. नाव सांगून उपयोग नाही, कारण सगळे त्याला नुसतं 'सरकारी' म्हणतात. तिथल्या तातडीच्या विभागाच्या खिडकीवर चंदू गेली अनेक वर्षं बसतो. जो येईल त्याची नोंद करायची, काय झालं ते यादीतून निवडायचं आणि दिवस संपला की आकडे वर पाठवायचे, एवढं त्याचं काम. वर म्हणजे कुठं ते त्यानं कधी पाहिलेलं नाही. वरून मात्र दर आठवड्याला एक आलेख येतो. तापाची रेघ चढली, खोकल्याची उतरली, जुलाबाची स्थिर आहे, असं त्यात दिसतं. त्यावरून कुठल्या रुग्णालयाला कुठलं औषध किती पाठवायचं ते ठरतं.

चंदूला आलेख लागत नसे. खिडकीवर बसून त्याला वर्ष कळायचं. संक्रांतीला मांज्यानं कापलेले गळे यायचे, होळीनंतर सुजलेले डोळे, मे महिन्यात एमआयडीसीच्या शेडमध्ये चक्कर येऊन पडलेली माणसं. गोविंदाला मोडलेले हात आणि ते हात मोडूनही हसणारी पोरं. दिवाळीच्या आधी उल्हासनगरच्या कॅम्पांमधून जीन्स शिवणारे कारागीर यायचे, बोटात मशिनची सुई आरपार गेलेले. त्यांना जवळचं रुग्णालय सोडून इथं यावं लागे, कारण तिथं शेठची ओळख असे. प्राची सिस्टर स्वतः कॅम्प तीनची, तिचा भाऊ त्याच धंद्यात. असा कारागीर दिसला की ती म्हणायची, "सीझन चालू झाला बघ." चंदूला या कामाचा कंटाळा नव्हता. उलट एवढ्या सगळ्या माणसांचं वर्ष आपल्या खिडकीतून जातं याचं त्याला मनातून बरं वाटायचं, पण असलं काही बोलून दाखवणाऱ्यातला तो नव्हता.

'इतर'ची गोष्ट वेगळी होती. पालेगावात त्याचं नाव घेत नाहीत. घरात घेत नाहीत, शेतात घेत नाहीत, दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. नाव घेतलं की ते ऐकतं आणि येतं. आणि ज्याला चावलंय त्याच्यासमोर तर कुणी चुकूनही तो शब्द काढत नाही. तो माणूस बरा होऊन आपल्या पायांनी घराचा उंबरा ओलांडेपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचं, नाहीतर विष चढतं. चंदूच्या आईनं, बनूबाईनं, हे त्याला बोलायला शिकवलं त्याच सुमारास शिकवलं होतं. पुढं तो बारावी झाला, कॉम्प्युटरचा कोर्स केला. कुणी विचारलं असतं तर त्यानं हसून सांगितलं असतं की असं काही नसतं. पण यादीतल्या त्या शब्दावर त्याचं बोट जात नसे. पेशंट समोर खाटेवर पडलेला असताना तर नाहीच. पेशंट घरी गेला की बदलू, असं तो ठरवायचा. पेशंट घरी जाईपर्यंत खिडकीसमोर रांग लागलेली असायची आणि दिवस संपला की नोंदींना कुलूप लागायचं. दुसऱ्या दिवशी त्यात काही बदलता येत नसे.

आजवर त्यानं कुणाचं बिघडलं नव्हतं. पावसाळ्यात सगळीकडून एवढे दंश यायचे की पालेगावचे चार इकडे तिकडे झाले तरी कुणाच्या लक्षात येत नसे. भात कापून झालं की ते थांबायचे.

या वर्षी थांबले नाहीत. गावामागची टेकडी फोडायला पोकलेन आली होती. दिवसभर तिचा आवाज चालायचा, संध्याकाळी डंपरची रांग लागायची आणि निघालेली माती गावाच्या वावरांच्या कडेला ओतली जायची. टेकडीवर सात मजली का सत्तावीस मजली काय व्हायचं ते होणार होतं. फलकावर पोहण्याचा तलाव आणि हसणारी माणसं रंगवलेली होती. टेकडीच्या पोटात जे काय राहत होतं त्याला मात्र दुसरीकडे जागा घ्यावी लागली. थंडी सुरू झाली तरी खिडकीशी माणसं येत राहिली. काय तरी चावलाय. गवताच्या भाऱ्यात हात घातला तेव्हा. मोरीत. एकदा तर मोटारसायकलच्या सीटखाली. चंदू 'इतर' निवडत गेला. सगळे नशिबानं वाचत होते, नळीतलं रक्त दर वेळी गोठत होतं, आणि तरी चंदूला रोज घरी जाताना भीती वाटायची. थंडीत असं होत नसतं, एवढं त्याला कळत होतं.

पौषात वरून मेल आला. डॉ. राजसींनी तो त्याला वाचून दाखवला. या रुग्णालयात दिवाळीपासून सर्पदंशाचा एकही रुग्ण नाही, इथल्या फ्रीजमधल्या औषधाची मुदत संपत आली आहे, तरी ते जिथं रुग्ण आहेत तिथं हलवावं. औषध म्हणजे सापाच्या विषावरचं, ज्याला रुग्णालयात सगळे एएसव्ही म्हणतात. मॅडम म्हणाल्या की हिशेबानं बरोबरच आहे, उगाच वाया कशाला घालवायचं. चंदूनं मान हलवली आणि खिडकीवर जाऊन बसला.

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. आपण गावठी ठरू, मॅडम हसतील, प्राची महिनाभर चिडवेल, असं त्याच्या मनात आलं. शिवाय इतके दिवस चुकीची नोंद करत होता म्हणून कंत्राट गेलं तर, हेही आलं. या विचारात एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी होती. तिसऱ्या दिवशी तो मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिला.

"मॅडम, ते जे इतर आहेत ना, ते इतर नाहीत."

"म्हणजे?"

चंदूनं टेबलाच्या काचेवर बोटानं एक नागमोडी रेघ काढली. तेव्हाही त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मॅडमनी त्या रेघेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्या हसल्या नाहीत.

"सगळे?"

"थंडीतले जवळजवळ सगळे. आमच्यात बोलत नाहीत ते."

मॅडम म्हणाल्या, "हे सगळे पेशंट मीही पाहिलेत, चंदू. नळीत रक्त मीच घेत होते. तू कॉम्प्युटरात काय टाकतोस ते मात्र मी एकदाही बघितलं नाही." औषध कालच गाडीनं बर्फाच्या पेटीतून नेलं होतं, ते परत मागायला त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की औषध दुसरीकडे पोचलं, नोंदीत रुग्ण दिसत नाहीत तर परत कशाच्या आधारावर पाठवायचं, नवी मागणी करा, पुढच्या पुरवठ्यात बघू. मॅडमनी मागणी लिहिली, खाली सही केली आणि दोन ठिकाणी पाठवली. फ्रीजच्या त्या कप्प्यात आता धनुर्वाताची इंजेक्शनं सरकवलेली होती.

चंदूनं त्या दिवसापासून मनात देवाला सांगायला सुरुवात केली की औषध येईपर्यंत कुणाला काही होऊ देऊ नको. रोज सकाळी येऊन तो आधी फ्रीज उघडून बघायचा.

घरी आईला त्यानं सांगितलं, वालाच्या शेतात जाऊ नको. भात निघाल्यावर त्यांनी बांधाकडच्या तुकड्यात वाल टाकले होते आणि शेंगा भरल्या होत्या. त्या मडक्यात भाजून पोपटी लावायचा बेत घरात चालला होता. नेमकी त्याच बांधाला टेकडीची माती ओतलेली होती.

"का नको?" बनूबाई म्हणाली. "वाल काय चालत येनार हाय घरात?"

कारण सांगायचं तर शब्द घ्यावा लागला असता, आणि तोही दिवेलागणीच्या वेळी. चंदू म्हणाला की माती ओली आहे, पाय घसरेल. म्हातारी हसली. या मातीत ती साठ पावसाळे चिखल तुडवत आली होती. चंदूची बायको तुळशी भाकऱ्या थापत होती, तीही हसली. मग चंदूनं तुळशीला बाजूला घेऊन सांगितलं की आईला एकटीला सोडू नको, गेली तर हातात काठी दे. तुळशीला समजलं. तिनंही काही विचारलं नाही.

चार-पाच दिवस गेले. दुपारची वेळ होती, गर्दी उतरली होती, प्राची डबा उघडून बसली होती. जनूची रिक्षा फाटकातून आत आली ती थेट पायऱ्यांपर्यंत. जनू शेजारचाच, चंदूच्या वडिलांच्या बरोबरीचा. आधी तुळशी उतरली, तिच्या हाताला धरून बनूबाई. लुगडं मातीनं भरलेलं, कमरेला खोचलेल्या ओच्यातून वालाच्या शेंगा डोकावत होत्या.

"काटा लागला रं पायाला," बनूबाई मुलाला म्हणाली. "ही उगाच घेऊन आली."

तुळशीनं सासूच्या पाठीमागून चंदूकडे पाहिलं आणि काटा नाही अशी मान हलवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. चंदूनं खाली वाकून आईचा पाय पाहिला. घोट्याच्या वर दोन ठिपके होते आणि पोटरी चकचकीत सुजली होती.

आईला खाटेवर घेतलं. मॅडमनी नळीत रक्त घेतलं आणि नळी टेबलावर ठेवली. चंदू नळीसमोर उभा राहिला. इतक्या वेळा त्यानं ही नळी लांबून पाहिली होती, गोठलं का म्हणून सहज विचारलं होतं आणि पुढच्या पेशंटकडे वळला होता. तुळशीनं कोपऱ्यात नेऊन मॅडमना हळू आवाजात सांगितलं की मातीच्या ढिगाखालून कुकरच्या शिटीसारखा आवाज आला होता. ती ओरडेपर्यंत सासूनं पाय टाकला होता. चंदूनं ते ऐकलं; असा आवाज कोण काढतं ते त्याला ठाऊक होतं. बनूबाई खाटेवरून सगळ्यांना सांगत होती की काटाच आहे, बोराटीचा. बोलताना तिच्या हिरड्यांतून बारीक रक्त येत होतं.

मॅडमनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं काचेवरून खाली आलं.

फ्रीजकडे कुणी गेलं नाही. त्यात काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनी सलाईन लावलं, प्राचीनं रुग्णवाहिकेला फोन केला आणि चंदूनं मोठ्या रुग्णालयाला. प्राचीला नंबर लगेच मिळाला. चंदूचा फोन बराच वेळ वाजत राहिला, मग एका माणसानं उचलला. मागं लोकांचा कालवा ऐकू येत होता. चंदूनं सांगितलं की पेशंट पाठवतोय, बाई आहे, वय पासष्टच्या पुढं, दंश झालाय, औषध तयार ठेवा.

"कसला दंश?" तो माणूस म्हणाला.

चंदू खाटेच्या पायथ्याशीच उभा होता. फोनची वायर त्यापलीकडे जात नव्हती. आई त्याच्याकडे बघत होती.

"तुम्ही तयारी ठेवा ना. विषारी आहे."

"अहो, इथं रोज पन्नास लोक विषारी म्हणतात. काय चावलंय ते नीट सांगा, म्हणजे औषध काढून ठेवतो. सांगता का पुढचा फोन घेऊ?"

"साप," चंदू म्हणाला. पलीकडच्या कालव्यात ते ऐकू गेलं नाही. म्हणून तो पुन्हा मोठ्यानं म्हणाला, "साप चावलाय. घोणस. माझी आई आहे."

दारात उभ्या असलेल्या जनूनं डोळे मिटून घेतले. बनूबाईनं मुलाकडे थोडा वेळ पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, हे चंदूला पुढं कितीतरी दिवस आठवत राहिलं. राग असता तर बरं झालं असतं. तिनं मान भिंतीकडे वळवली आणि तुळशीचा हात चाचपडून धरला.

"नाव काढला त्यानी," ती म्हणाली. "आता झाला."

त्यानंतर ती चंदूशी बोलली नाही. रुग्णवाहिका आली, तो तिच्या उशाशी बसला. उल्हासनगरच्या बाजारात रस्ता तुंबलेला होता. कपड्यांचे गठ्ठे उतरवणारा टेम्पो आडवा लागला होता आणि भोंगा कितीही वाजवला तरी त्याला मागं जायला जागा नव्हती. चंदू खाली उतरून लोकांना हात जोडत होता. मोठ्या रुग्णालयात औषध खरंच काढून ठेवलेलं होतं, फोनवरच्या माणसानं शब्द पाळला होता. ते दिलंही. पण मूत्रपिंडं बंद पडत गेली आणि आठवडा संपायच्या आत बनूबाई गेली. शुद्धीत होती तोवर तुळशीकडून पाणी मागायची. चंदूनं दिलं तर तोंड मिटून घ्यायची.

गावातून सगळे आले. कुणी एका शब्दानं काही बोललं नाही. दहाव्याला ओढ्यावर पिंड ठेवला, कावळा वेळ लावू लागला, तशी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. काय मनात आहे म्हातारीच्या, असं कुणीतरी पुटपुटलं आणि गप्प झालं. चंदूनं हात जोडून मनातल्या मनात आईची माफी मागितली. कशाची मागायची ते त्याला नीट ठरवता येत नव्हतं. शेवटी कावळा शिवला. परत येताना जनू त्याच्या बरोबर चालत होता.

"काका, औषध नव्हतं तिथं," चंदू म्हणाला. "माझ्यामुळं गेलं. मी नोंद करायला हवी होती, केली नाही."

जनूनं ते ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं चंदूच्या खांद्यावर हातही ठेवला.

"औषधाचा काय, हाय तर हाय, नाय तर नाय," तो म्हणाला. "पन आईच्या तोंडावर नाव नव्हता काढाचा, चंदू. ती जगली असती."

चंदूनं पुढं काही समजावलं नाही. इतके महिने न बोलल्यामुळं आपण आईला मारलं, असं तो स्वतःशी म्हणत होता. एकदा बोलल्यामुळं मारलं, असं गाव म्हणत होतं. गावाला आपलं म्हणणं कळणार नाही आणि आपल्याला गावाचं पुरतं खोटं म्हणता येत नाही, हे त्याला ओढ्यापासून घरापर्यंतच्या वाटेवर समजलं.

तो कामावर परत आला तेव्हा फ्रीज भरलेला होता. डॉ. राजसींनी या वेळी मागणी लिहिली नव्हती, स्वतः वरच्या कार्यालयात जाऊन बसल्या होत्या. आधीपेक्षा जास्त औषध आलं होतं आणि त्याची मुदतही लांबची होती. मॅडम त्याला म्हणाल्या की आता यादीत जे असेल तेच निवडायचं, आणि चंदू हो म्हणाला. त्याला आता कसलीच अडचण नव्हती. शब्द एकदा तोंडातून गेला होता.

निवडायला मात्र कुणी आलं नाही. पोकलेन चालूच होती, माती ओतली जात होती, उन्हं तापू लागली होती. कुत्रा चावलेले आले, वेल्डिंगनं डोळे लाल झालेले आले. पालेगावहून तापाचे, पडलेले, धडपडलेलेसुद्धा येत होते. त्या एका गोष्टीसाठी कुणी येत नव्हतं. आठवड्याचा आलेख आला तेव्हा सापाची रेघ तळाला टेकलेली होती. मॅडमना हायसं वाटलं. "थांबलं वाटतं," त्या म्हणाल्या. चंदूला तसं वाटत नव्हतं, पण कशावरून ते सांगता येईना.

होळीच्या आधी एका सकाळी जनूची रिक्षा फाटकाशी आली. मागच्या सीटवर एक तरुण आडवा होता, डोकं कुणाच्या तरी मांडीवर. रिक्षा आत वळली, हळू झाली. जनूनं खिडकीकडे पाहिलं. चंदू नेहमीच्या जागी बसला होता. दोघांची नजर भेटली. जनूनं हँडल फिरवलं आणि रिक्षा बाहेर काढली.

चंदू खुर्ची ढकलून धावला. फाटकाबाहेर येऊन त्यानं हाका मारल्या, हात हलवले. औषध आहे असं ओरडला. रिक्षा बदलापूरच्या रस्त्याला लागली आणि थांबली नाही. त्या बाजूला मधु भगताचं घर होतं. तो पाला चोळतो, मंत्र म्हणतो, आणि त्याच्या ओटीवर तो शब्द कुणी उच्चारत नाही. तरुण वाचला की नाही ते चंदूला गावात कुणी सांगितलं नाही. तुळशीनं विचारून आणलं. वाचला होता, हाताची दोन बोटं गेली होती. याआधीही काही जण तिकडं नेले होते, त्यातली एक बाई राहिली नाही, असंही तिनं सांगितलं. ती सांगत असताना चंदू जेवत होता. त्यानं ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं मॅडमना सांगितलं की खिडकीवर प्राचीला बसवा, मी मागं औषधांच्या खोलीत बसतो. मॅडमनी आधी ऐकलं नाही. त्याची काही चूक नाही, लोकांना समजावता येईल, आपण गावात जाऊन सभा घेऊ, असं बरंच काही त्या मनापासून म्हणाल्या.

"सभा घ्या, मॅडम," चंदू म्हणाला. "पण तोवर मी तिथं दिसलो तर ते येणार नाहीत."

प्राचीला त्यानं शिकवलं. पालेगावचं कुणी आलं आणि काय तरी चावलाय म्हणालं तर पुढं काही विचारायचं नाही. तू फक्त नाव, वय घे आणि मॅडमना सांग, गावचा पेशंट. यादीत काय टाकायचं ते मी आतून टाकीन. प्राची एरवी त्याची टर उडवल्याशिवाय राहत नसे. या वेळी तिनं सगळं गुपचूप ऐकलं.

चैत्रात एका दुपारी बाहेर रिक्षा थांबली. चंदू औषधांच्या खोलीत खोक्यांवर नंबर घालत होता. दार पुढं लोटलेलं होतं, मध्ये बोटभर फट होती.

"खिडकीवर कोन हाय?" बाहेर जनूचा आवाज आला. चंदूच्या हातातली पेन्सिल थांबली.

"मैं हूँ ना काका, बोला," प्राची म्हणाली.

"तो नाय ना?"

"नाही. कोणी नाही."

"पोरीला काय तरी चावलाय," जनू म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "सून हाय माजी. पोटुशी हाय."

पुढं धावपळीची पावलं वाजली, खाट सरकल्याचा आवाज आला, मॅडमनी नळी मागितली. चंदूनं पायांतल्या चपला काढून कडेला ठेवल्या. मग फ्रीज उघडला, औषधाच्या बाटल्या ट्रेमध्ये मांडल्या आणि ट्रे दाराच्या फटीशी, बाहेरून दार ढकलून हात घातला की सापडेल असा, जमिनीवर ठेवला. बाहेर आता सगळे गप्प होते. नळीतलं रक्त गोठतं का ते बघत होते. चंदू दाराच्या मागं खोक्यावर बसून राहिला. त्याच्या घशात खोकल्याची उबळ आली, ती त्यानं रुमाल तोंडात दाबून आतल्या आत जिरवली.